बांधीत कोणी खाट टाकत नाही

वास्तूच्या दिवशी सकाळी महादेवराव काका आहेर म्हणून काळ्या ग्रॅनाइटची पाटी घेऊन आले आणि पहिली ठिणगी तिथंच पडली. पाटीवर सोनेरी अक्षरांत 'कामिनी' असं कोरलं होतं. मिस्त्री ड्रिल मशीन घेऊन गेटपाशी उभाच होता.

"काकाजी, पाटी लावू नका," कामिनी म्हणाली.

"काहून वं? तुझंच तर नाव आहे."

"माझं आहे म्हणूनच नका लावू."

काकांनी पुतण्याकडे पाहिलं. जितेंद्रनं बायकोकडे पाहिलं आणि मिस्त्रीला खूण केली की थांब जरा, नंतर पाहू. बायकोच्या मनाविरुद्धची कामं तो नेहमी नंतरच करायचा.

लोकांना वाटायचं, ठवकरांचं नशीब फळफळलं. दिघोरीला 'रुखमाई', हुडकेश्वरला 'दीपमाला', वाठोड्याला 'नूपुर निवास'. रुपराव ठवकरांच्या घरातल्या बायांची नावं गेटागेटावर वाचत माणसं जायची आणि मनातल्या मनात हेवा करायची. पण जिचं नाव पाटीवर चढलं तिनं त्या घरात कधी पाठ टेकली नव्हती. सासूबाईंच्या 'रुखमाई'त दवाखान्यातल्या नर्सा राहत होत्या आणि लेकीच्या 'नूपुर निवासा'त एक शिकवणीवाला. पाटी लागली की भाडेकरू आलाच, हे कामिनीनं लग्न झाल्यापासून पाहिलं होतं. अंधश्रद्धा म्हणायची तर म्हणा, पण दर वेळी खरी ठरलेली अंधश्रद्धा माणसानं सोडावी तरी कशी?

याचं सगळं मूळ तिच्या सासऱ्यांच्या एका वाक्यात होतं. कुहीची थोडी जमीन विकून रुपरावांनी दिघोरीचं पहिलं पडकं घर घेतलं. जितेंद्रनं ट्रान्सपोर्टची नोकरी सोडून ते डागडुजी करून उभं केलं. सगळे समोरच्या नव्या खोल्यांत सामान हलवणार, तेवढ्यात रुपराव अंगणात उभे राहून म्हणाले होते, "धानाच्या बांधीत कोणी खाट टाकते काय?" कुहीकडे चांगल्या जमिनीला बांध घालून त्या बांधीत धान लावतात, आणि माणसं राहतात ती काही उगवत नाही अशा गोट्याच्या बरडावर. तोच न्याय त्यांनी शहरात आणला. घराचा जो भाग नीट झाला ती बांधी, त्यातून पीक काढायचं. आपण राहायचं ते न झालेल्या भागात. मग तो भागही व्हायचा आणि ठवकर आपलं चंबूगबाळं आवरून पुढच्या पडक्या घरी जायचे. इतकी वर्षं झाली, कोणालाही यात काही चूक दिसली नव्हती. पिकं येत होती ना!

कामिनीची पहिली दिवाळी रेतीच्या ढिगाशेजारी झाली. नूपुर रांगायला शिकली ती फुटक्या लाद्यांवर, आणि दहावीचा अभ्यास तिनं टाइल कापायच्या मशीनच्या आवाजात केला. जुन्या भिंती खरवडताना कामिनीला जो खोकला लागला तो घरं बदलली तरी बदलला नाही. मागच्या दिवाळीत मात्र ती उमरेडला माहेरी जाऊन बसली ती बसलीच. तेव्हा जितेंद्र न्यायला आला आणि तिच्या आईसमोर कबूल झाला की नंदनवनच्या या नव्या घराचा वरचा माळा तुझा, तिथं किरायेदार येणार नाही. तेव्हापासून या माळ्यावर ती स्वतः उभी राहिली. मिस्त्रीशी भांडली, रंग पुन्हा द्यायला लावला, नूपुरच्या खोलीला पूर्वेची खिडकी करून घेतली. भाडेकरूला काय आवडेल, हा प्रश्न तिनं आयुष्यात पहिल्यांदा कोणाला विचारला नाही. आणि एवढे दिवस त्याच घराच्या मागच्या दोन टिनाच्या खोल्यांत सासू-सासरे, नवरा, लेक आणि सिमेंटच्या पोत्यांसोबत ती गुण्यागोविंदानं राहिली, कारण या वेळी त्या खोल्यांतून बाहेर पडून फक्त जिना चढायचा होता.

पूजा झाली. दूध उतू गेलं, भटजी दक्षिणा घेऊन गेले. छतावर मांडवात पंगती बसल्या. आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी, मठ्ठा. मे महिन्यातलं नागपूर, कूलर भणभणत होते आणि तरीही माणसं घामानं निथळत होती. कामिनी वाढता वाढता प्रत्येकीला खाली नेऊन घर दाखवत होती. कन्हानला दिलेली नणंद, दीपमाला, मदतीला आली होती.

"मस्त केलं वं घर, वहिनी," दीपमाला म्हणाली. तिनं हे तीनदा म्हटलं, आणि तिन्ही वेळा वहिनीच्या तोंडाकडे न बघता.

तेवढ्यात महादेवराव काका एका जोडप्याला घेऊन जिना चढून आले. साहेब बदली होऊन रायपूरहून आले होते. कंपनी घरभाडं देणार होती. "जेवाले बोलावलं सहज," काका म्हणाले. साहेबांनी दारातच हात जोडले आणि घर चांगलं आहे म्हणाले. त्यांच्या पत्नीचं, हिमानीचं, मात्र घराकडेच लक्ष होतं. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, पाण्याचा जोर पाहिला, नळ बंद केला. बाथरूममध्ये जाऊन तेच केलं. मग नूपुरच्या खोलीत खिडकीपाशी थोडा वेळ उभी राहिली.

कामिनी ते पाहत होती. आजवर किती माणसांना तिनं घरं दाखवली होती! जे घराची तारीफ करतात ते परत येत नाहीत. जे गप्प राहून नळ सोडून पाहतात, ते चावी घेऊन जातात.

"यह ऊपरवाला खाली है ना, भाभीजी?" हिमानीनं विचारलं.

"नहीं," कामिनी म्हणाली. "इसमें हम रहते हैं."

हिमानीनं रिकाम्या खोलीकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत काही वाईट नव्हतं, तिला फक्त समजलं नव्हतं.

साहेब पंगतीला बसले आणि जितेंद्रनं घरच्या माणसांना नूपुरच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. रुपराव पलंग नसलेल्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसले, रुखमाबाई आणि कामिनी त्यांच्याजवळ. महादेवराव काका खिडकीशी आणि दीपमाला दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून उभी.

"पाय, कामिनी," जितेंद्र म्हणाला, "रागावू नको. असा किरायेदार पुन्हा भेटत नाही. कंपनीचा माणूस, तीन वर्षांचा करार, महिन्याच्या महिन्याले थेट बँकेत. घराले हात लावणार नाही, खिळा ठोकणार नाही. आपल्या खालच्या माळ्याच्या किरायेदाराचे दोन महिने थकले की मी कसा दारोदार फिरतो, तुले माहीत आहे."

"तुमी माझ्या आईसमोर शब्द दिला होता."

"हाव, दिला होता. मी कुठी नाही म्हणून राहिलो? तीन वर्षांनी तुझंच आहे ना."

"वाठोड्याचं बी तीन वर्षांनी होतं."

तेव्हा रुखमाबाई बोलल्या आणि कामिनीला वाटलं, आपण तरलो. सासू-सुनेचं आजवर ताकापासून टाकीच्या पाण्यापर्यंत कशावरूनही फाटायचं. पण आज म्हातारी ठाम होती. "जित्या, सुनेचा श्वास पाह्यला काय रात्री? टिनाखाली कशी घरघर करते ते? या खेपेले मी तिच्याकून आहे, सांगून ठेवतो. काढू नको तिले इथून."

"माय बरोबर बोलून राहिली," रुपराव म्हणाले. "राहू दे तिले वरतं, पोरा. लय झालं."

सासूसोबत सासरेही! कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांत या दोघांनी मिळून एकच गोष्ट तिच्या बाजूनं बोलावी, असा हा पहिलाच प्रसंग होता. तिनं पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

जितेंद्र बापाकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"बाबा, धानाच्या बांधीत कोणी खाट टाकते काय?"

रुपरावांनी मान वर केली.

"तुमीच शिकवलं ना मले? दिघोरीले मी म्हटलं होतं, बाबा, समोरच्या खोलीत राहू. माझं नवीन लग्न झालं होतं. तुमी म्हणाले, बांधीत खाट टाकते काय. मी गुमान मागं गेलो. आज हे चार घरं उभे आहेत ते त्याच एका गोष्टीवर. मंग आता काहून बदलले तुमी?"

"म्या वावराचं सांगतलं होतं, बापू," रुपराव म्हणाले. "मानसाचं नोहे."

"तवा तर मानसाचंच सांगितलं होतं."

मुलाच्या तोंडून आपलंच शहाणपण ऐकायची पाळी येते तेव्हा बापाजवळ काही उरत नाही. रुपरावांनी दोन्ही गुडघे जवळ ओढले आणि ते नव्या चकचकीत लादीकडे पाहू लागले. आपल्या बाजूचं एक माणूस गेलं, हे कामिनीला कळलं. आता ते या वादात परत येणार नव्हते.

"अन मंग आपण राहायचं कुठी?" रुखमाबाईंनी विचारलं. "मागच्या खोल्या तर तू सोमवारी पाडून राहिला."

कामिनीनं झटकन वळून पाहिलं. मागच्या खोल्या पाडायचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"तिथं पोरांसाठी सिंगल रूम काढतो. कॉलेजच्या पोरांले लागतात," जितेंद्र म्हणाला. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. दीपमालानं नजर खाली घातली.

"सांगून टाक ना आता," महादेवराव काका म्हणाले. "किती दिवस झाकशील?"

"कन्हानले एक घर पाह्यलं आहे," जितेंद्र म्हणाला. "म्हणजे इसार देऊन झाला. दीपाच्या घराच्या मागच्याच गल्लीत. जुनं आहे, पण जागा सोन्यासारखी."

वर छतावरून वाढप्यांची हाक ऐकू आली, पुऱ्या संपल्या, पुऱ्या पाठवा.

कामिनीनं सासूकडे पाहिलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर काय झालं ते तिनं अगदी जवळून पाहिलं. आधी राग आला, मग आश्चर्य, आणि मग त्या दोन्हींच्या मागून एक आनंद हळूच वर आला. रुखमाबाईंना तो लपवता येईना. लेकीच्या मागच्या गल्लीत! दीपमालाचं सासरी कसं चाललं आहे याची काळजी करत ही बाई गेली कित्येक वर्षं अर्धीच झोप घेत होती.

"दीपे, तुले माहीत होतं काय वं?" त्यांनी विचारलं.

"दादानं सांगितलं होतं," दीपमाला म्हणाली. "आई, तू सकाळ-संध्याकाळ येजो न माझ्याकडे. मले आधार होईल." ते तिनं मनापासून म्हटलं. कामिनीला तिचा रागही नीट करता आला नाही.

रुखमाबाईंनी सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कामिनी, माय," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी माय म्हटलं नव्हतं. "नदीकाठची हवा चांगली असते वं. तुह्या छातीले बरं वाटंल."

म्हणजे दुसरंही माणूस गेलं. सासूनं आपल्याला विकलं असं कामिनीला वाटलं नाही. विकायला आपली अशी काय किंमत होती? सासूला फक्त आपली लेक दिसली, आणि कोणत्या आईला ती दिसणार नाही? पण एकटं पडणं ते एकटं पडणंच. मग माणसं वाईट असोत की चांगली.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "तुमी सगळे जा कन्हानले. मी अन नूपुर इथं राहतो. ही खोली तिची आहे. मी तिच्यासाठी केली."

दार ढकललं गेलं. नूपुरच होती. हातात मठ्ठ्याचा जग, कपाळावर सकाळचा कुंकवाचा टिळा घामानं पसरलेला. बाहेर उभी राहून तिनं किती ऐकलं होतं कोणास ठाऊक.

"बेटा, सांग यांले," कामिनी म्हणाली. "ही खोली कोणाची आहे ते सांग."

नूपुरनं जग खिडकीत ठेवला. बापाकडे पाहिलं नाही, आजीकडे पाहिलं नाही. ती आईसमोर मांडी घालून बसली.

"मम्मी, देऊन टाक."

"काय?"

"देऊन टाक यांना. माझं पुण्याचं ॲडमिशन झालं. काल मेसेज आला. वास्तू होईपर्यंत सांगू नको, असं पप्पाच म्हणाले होते." ती एका दमात बोलत होती, आपण थांबलो तर पुढचं बोलवणार नाही अशी. "फी खूप आहे. हा माळा किरायानं गेला तर होऊन जाते. नाहीतर इथंच काहीतरी बघावं लागेल."

"पण ही खोली..." कामिनी म्हणाली. "खिडकी तुले पाहिजे होती ना पूर्वेची?"

"हो. दहावीत पाहिजे होती." नूपुरनं आईचे दोन्ही हात धरले. "मम्मी, मी आजवर एकाही भिंतीवर काही चिकटवलं नाही, तुझ्या लक्षात आलं? मैत्रिणींच्या खोल्यांत फोटो असतात, काय काय असतं. मी कधी नाही लावलं. किरायेदार येणार, डाग पडेल, असं तू म्हणायची. मग मला तीच सवय लागली. ही खोली खूप छान आहे. पण मी इथं झोपले ना, तरी मला वाटत राहील की कोणी तरी नळ बघायला येणार आहे. मला तिकडे जाऊ दे. हॉस्टेलचा एक पलंग असेल, पण तीन वर्षं तो माझा असेल. प्लीज मम्मी."

ती रडत नव्हती. रडली असती तर कामिनीनं तिला जवळ घेतलं असतं, समजावलं असतं. पण पोर आर्जव करत होती, पिंजऱ्याच्या दाराशी बसलेल्यानं दाराची कडी ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे करावं तसं. आणि ती कडी आपल्या हातात आहे, हे कामिनीला आत्ता समजलं. ज्या घरासाठी ती भांडत होती ते घर लेकीला नको होतं. लेकीला या घरांतून बाहेर पडायचं होतं, आणि बाहेर पडायची वाट याच माळ्याच्या भाड्यातून जात होती. नवऱ्यानं हे सगळं किती व्यवस्थित जुळवून आणलं होतं! की त्यानं काहीच जुळवलं नव्हतं, आणि आपोआपच हे असं होऊन बसलं होतं? ती नवऱ्याकडे पाहत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. केस अकाली पांढरे झालेले, नखांत पुट्टी. तोही या माळ्यावर एक दिवस झोपला नव्हता, आणि स्वतःलाही झोपायचं होतं हे तो केव्हाच विसरून गेला होता.

"वहिनी," दीपमाला म्हणाली, "काही तरी बोल वं."

"मानसं ताटावर बसली आहेत," महादेवराव काका म्हणाले. "साहेबांले काय सांगायचं ते ठरवा लवकर."

कामिनीनं लेकीच्या कपाळावरचा पसरलेला टिळा अंगठ्यानं पुसून नीट केला. मग खोकला आला. तो थांबेपर्यंत सगळे थांबले. कोणी पाणी आणलं नाही, कारण पाण्यानं तो थांबत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"सांगा हो म्हणून," ती म्हणाली.

नूपुरनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तेव्हा कुठं ती रडली. महादेवराव काका लगबगीनं वर गेले. रुखमाबाई देवाचं नाव घेत उठल्या. रुपराव तेवढे बसून राहिले. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं, हात जोडल्यासारखे केले आणि पुन्हा गुडघ्यांभोवती घट्ट धरले. म्हाताऱ्याची क्षमा मागायची तेवढीच ताकद होती, आणि ती कोणी मोजली नाही.

जितेंद्र तिच्याजवळ येऊन बसला. कामिनीनंच विचारलं, "कन्हानच्या घरावर छत आहे का?"

"मागच्या दोन खोल्यांवर आहे," तो म्हणाला. "टिना आहेत, पण चांगल्या आहेत. समोरचं सगळं पाडाले लागते. विहीर आहे मागं, पाण्याची फिकीर नाही. एक खोली थोडी मोठी आहे, तिले पश्चिमेकून खिडकी. मोरी आतच आहे, बाहेर जावं लागणार नाही तुले." बोलता बोलता त्याचा आवाज खुलत गेला. कोणतंही पडकं घर सांगताना तो असाच खुलायचा. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याच्यावर भाळली होती ती याच आवाजावर. "भिंती मातीच्या आहेत, पण जाड. उन्हाळ्यात गार राहील. वर्षभराची गोष्ट आहे, कामिनी. समोरचं तयार झालं की मंग..."

मंग काय, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. ती ऐकत होती. पश्चिमेची खिडकी, म्हणजे दुपारचं ऊन थेट आत. शेगडी तिथं नको, मोरीकडच्या भिंतीला लावावी. सासूबाईंना दाराजवळची जागा द्यावी, त्यांना रात्री उठावं लागतं. कपड्यांच्या पेट्या एकावर एक रचल्या तर मधे पडद्यासारखा आडोसा होईल. सासऱ्यांची काठी ठेवायला दाराआड एक खिळा. नूपुरची जागा, ती आता लागणार नाही.

इथवर आल्यावर तिला कळलं की आपण काय करतो आहोत. तिला जितेंद्रचा राग आला नाही. तिला स्वतःचीच भीती वाटली. ते घर तिनं अजून डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, आणि ती तिथं राहायला गेलीसुद्धा होती.